डाव्या बाजूला अर्धा इंच

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी बटणांच्या एजंटाने फुकट दिली होती. दहा महिन्यांत तिच्यात दोनच गोष्टी लिहिल्यात: शटरच्या कुलपाचा नंबर आणि काजेवाल्या मावशींच्या जावयाचा फोन. आज लिहायला बसलो, कारण मनात जे आहे ते बोलायची हिंमत नाही.

काल बॉबीनचं बोट दारात चेमटलं. बॉबीन म्हणजे आमचा मुलगा, वय वर्षं नऊ. रांगायच्या वयात तो जागच्या जागी गरगर लोळायचा, म्हणून हे नाव पडलं. शिंप्याच्या घरात दुसरं काय सुचणार? तर बोटाला पट्टी, त्यात गेले चार दिवस ताप येऊन गेलेला, म्हणून हिने त्याला स्वतः अंघोळ घातली. एरवी तो आतून कडी लावून अंघोळ करतो आणि बाहेर येतो तो अर्धा कोरडाच.

"अहो! इकडे या आधी!"

हिची अशी हाक आली की नळ फुटला असणार, असं मी धरून चालतो. नळ ठीक होता. बॉबीन टॉवेल धरून उभा होता आणि त्याची डावी बाजू, खालची पिशवी, चांगली लिंबाएवढी सुजली होती.

"हे कधीपासून?" हिने विचारलं.

बॉबीनने माझ्याकडे बघितलं. मी साबणाकडे बघितलं. "मुलांना होतं असं काहीतरी," मी म्हणालो. असं म्हणणारा बाप मी दुसऱ्या कुणाच्या घरात बघितला असता तर त्याला चांगला झापला असता.

आता खरं लिहितो. दीड वर्षापूर्वी बॉबीन दुकानात आला आणि म्हणाला, "बाबा, ही पँट इथे काचते." मी पँट उसवली, आत ठेवलेली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडली, डाव्या बाजूला अर्धा इंच सैल केली. पाच महिन्यांनी नव्या पँटीला पुन्हा तेच, आणि या पावसाळ्यात तिसऱ्यांदा. मला तेव्हा वाटलं ते लिहितो, लाज वाटत असली तरी: मला अभिमान वाटला. एक बाजू सैल करूनही पँट बाहेरून सरळ दिसणं हे सोपं काम नाही. कुणाला कळलं नाही. त्याच्या आईलासुद्धा नाही. एवढी सुरेख पँट शिवली मी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खोलीतले दिवे घालवले आणि सुजेला टॉर्च लावला. पाणी साठलं असेल तर उजेड आरपार जातो म्हणे आणि ती जागा कंदिलासारखी लाल दिसते. बॉबीनला हा प्रकार फार आवडला. "डॉक्टरकाका, घरचा टॉर्च चालतो का?" असं त्याने विचारलं, आणि आईने डोळे वटारल्यावर गप्प बसला.

उजेड आरपार गेला नाही. डॉक्टरांनी दिवे लावले आणि चिठ्ठी लिहून दिली. मोठ्या हॉस्पिटलात, मुलांच्या सर्जनकडे. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण पेनाचं टोपण लावायला त्यांनी फार वेळ घेतला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सर्जनबाई पन्नाशीच्या आहेत. बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि बोलताना आधी मुलाशी बोलतात, मग आईबापांशी. मला आवडल्या. सोनोग्राफीत गाठ दिसली. पाणी नाही, भरीव गाठ. डाव्या वृषणाला वरून चिकटलेली, त्याच्यापासून वेगळी सांगता येत नाही अशी.

"लक्षात कधी आलं?" त्यांनी विचारलं.

"आठच दिवस झाले असतील," ही म्हणाली. "त्याआधी काही नव्हतं. असतं तर दिसलं असतं ना."

बाईंनी कागदावर लिहिलं: आठ दिवस. मी ते उलट्या बाजूने वाचलं. बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि जांभई दिली. खोटी जांभई. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी जांभई असेल ती.

मग बाईंनी बॉबीनला बाहेर नर्सकडे पाठवलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. इतक्या थोड्या दिवसांत भरीव गाठ एवढी वाढते, तेव्हा वाईट गाठ नाही ना, हा विचार आधी करावा लागतो. रक्त तपासू. पण वाट बघणं योग्य नाही. मंगळवारी ऑपरेशन. आणि डावं वृषण पूर्ण काढावं लागेल अशी मनाची तयारी ठेवा. एकावर माणूस अगदी नीट जगतो, पुढे मुलंबाळंही होतात, असंही म्हणाल्या. ही ऐकत होती. मी मान हलवत होतो. मला वाटतं मी जरा जास्तच वेळ मान हलवली, कारण बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी आल्यावर ही कपाट आवरायला बसली. बॉबीनच्या चड्ड्यांचा खण तिने तीनदा काढला आणि तीनदा लावला. एवढी घडीची आवड हिला कधीपासून, कळत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी शांत आहे. दुकान नेहमीसारखं उघडलं. काल संध्याकाळी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या, ते आज सकाळी लक्षात आलं. होतं असं.

काजेवाल्या मावशी अकराला आल्या. त्या वीस वर्षं माझ्याकडे काजं करतायत. हातात सुई, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि चष्म्यावरून सगळ्या जगावर नजर. त्यांनी त्या दोन बाह्या उचलल्या, एकावर एक ठेवल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

"या माणसाला उजवा हात नाही का?"

"डोळे दुखतायत, मावशी."

"डोळे नाही दुखत. बोला."

बोललो. सगळं. पँट, अर्धा इंच, आठ दिवस, जांभईसुद्धा. मावशींनी हातातलं काज पुरं केलं. मग दोरा दातांनी तोडला.

"का नाही सांगितलंत डॉक्टरांना?"

मी म्हटलं, आता सांगून काय फरक पडणार? गाठ आहे ती आहेच. आणि ही शेजारी बसलेली. तिला कळलं की दीड वर्षं मला माहीत होतं, तर ती माझं तोंड बघणार नाही.

"तुम्ही गिऱ्हाइकाची कंबर बत्तीस असताना अठ्ठावीस लिहून दिलीत," मावशी म्हणाल्या, "आणि कारागिराने अठ्ठावीसची पँट कापली. कुणाचं चुकलं? ती बाई मंगळवारी कापायला बसणार आहे. तुमच्या मापावर."

हे मला का सुचलं नाही? मी रोज हेच काम करतो.

"आणि मापवही आहे ना तुमची?" मावशी म्हणाल्या. "मग माझ्यापुढे काय रडताय? तिच्यापुढे उघडा."

९ नोव्हेंबर, रविवार

वही काढून बघितली. बॉबीनचं पान मी त्याच्या पाचव्या वाढदिवसापासून ठेवलंय. महिन्यातून एकदा माप घेतो. उंची, कंबर, मांडी, सगळं. गरज नसते, पण आकडा वाढलेला बघून बरं वाटतं. आणि माझ्या वडिलांनी लावलेली सवय अशी की माप कुठल्या अवस्थेत घेतलं ते शेजारी लिहायचं: जेवून आलेला, बूट घातलेले, जाड स्वेटर आत. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाशी पुढे वाद होत नाही त्याने.

दीड वर्षात डाव्या बाजूच्या अठरा नोंदी आहेत. उद्या हॉस्पिटलला जायचंय, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या तपासणीसाठी. हिला अजून सांगितलेलं नाही. दुपारी दोनदा सांगायला गेलो. एकदा तिने दूध बघायला सांगितलं, दुसऱ्यांदा मीच दूध बघायला गेलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

बाई रक्ताचे रिपोर्ट बघत होत्या. ते चांगले होते. मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "डॉक्टर, आठ दिवस नाही. दीड वर्ष." मग हिच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. बॉबीन खुर्चीत पाय हलवत बसला होता. त्याचे पाय थांबले.

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे काय लिहिलंय? पाव, ता?"

"उजवीपेक्षा डावी बाजू पाव इंच जास्त. 'ता' म्हणजे ताप असताना. नाही, थांबा, ते पुढचं. तिथे अर्धा आहे. तापात अर्धा."

"आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाव?"

"हो. मला वाटलं टेप ताणला गेला असेल."

"हे 'प' काय?"

"पळून आलेला. शाळेतून धावत आला की तेव्हाही वाढलेलं. एक-दोन सूत."

त्या एकेक ओळीवर बोट फिरवत खाली आल्या. मग पुन्हा वर गेल्या.

"म्हणजे दीड वर्षात मुळात वाढलं किती?"

"एक सूत, डॉक्टर. इंचाचा आठवा भाग."

"तेवढा तर मुलगाच वाढला," त्या म्हणाल्या. उठल्या, बॉबीनला पडद्याआड नेऊन पुन्हा तपासलं, आणि बाहेर आल्या तेव्हा चेहरा बदललेला होता. गुरुवारपेक्षा सूज कमी झाली होती. ताप उतरून आठवडा झाला होता ना. "वाईट गाठ अशी येत-जात नाही. ताप आला की फुगते, पळालं की फुगते, मग बसते. आणि नेमकी डावीकडे." उद्याचं ऑपरेशन त्यांनी रद्द केलं. आधी एक वेगळा स्कॅन करायचा म्हणाल्या.

एवढं झाल्यावर मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. ही पदराशी चाळा करत होती, मान खाली.

"मी तीन महिन्यांपूर्वी त्याच्या चड्ड्या दोन नंबर मोठ्या आणल्या," ती हळूच म्हणाली. "जुन्यांवर एका बाजूला ताण दिसत होता. विचारलं असतं तर तो लाजला असता, म्हणून… मला वाटलं, वाढतं वय आहे."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"वा! बाबांनी पँट सैल केली, आईने चड्डी मोठी आणली. पोराला जागा भरपूर करून दिलीत दोघांनी. विचारलं कुणी?"

"मला कुणी विचारलंच नाही," बॉबीन म्हणाला. "मी बाबांना तीनदा सांगितलं. बाबा पँटलाच विचारायचे."

ही आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकाच वेळी. मीही. येताना वाटेत ती म्हणाली, "पोटात ठेवायला तुम्ही काय खिसा शिवून घेतलाय का आतून?" मी म्हटलं, "तूही घेतलायस." त्यावर तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून लाल आहे. पण घरापर्यंत हात सोडला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्कॅन झाला. सुईतून एक औषध देतात, ते शरीरभर फिरून पाणथरीत गोळा होतं आणि कॅमेऱ्यात ती जागा चमकते. पाणथरी पोटात, डाव्या बरगड्यांखाली असते. ती चमकली. आणि तिच्या बऱ्याच खाली, जिथे काहीच चमकायला नको होतं तिथे, आणखी एक ठिपका चमकला.

सर्जनबाई अक्षरशः खुर्चीतून उठल्या. बावीस वर्षांत त्यांनी पुस्तकातच बघितलं होतं म्हणे. आईच्या पोटात बाळ काही आठवड्यांचं असताना पाणथरी आणि डावं वृषण शेजारी शेजारी असतात. कधी तरी, फार क्वचित, दोन्ही एकमेकांना चिकटतात. पुढे वृषण आपल्या जागी खाली सरकतं आणि जाताना पाणथरीचा तुकडा सोबत घेऊन जातं. पाणथरीचाच तुकडा तो, म्हणून तापात तिच्यासारखाच फुगतो.

मला हे पहिल्या फटक्यात समजलं. खिसा जोडताना खालचा कपडा टिपेत सापडतो आणि कळतं ते पँट उलटी केल्यावर. नवशिका घाबरून सगळंच कापायला जातो. खरं तर फक्त टीप उसवायची असते. मी हे बोललो तर बाई म्हणाल्या, "अगदी हेच करायचंय. पण मी डोळ्यांनी बघेपर्यंत आणि तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत छातीठोक सांगणार नाही. कागदावर ते वाक्य राहील." ते वाक्य म्हणजे 'आवश्यक वाटल्यास वृषण काढण्यास संमती'. मी सही केली. अक्षर माझं नव्हतं, पण सही माझी होती.

बॉबीनची छाती मात्र फुगलीय. "डॉक्टर, म्हणजे माझ्याकडे पाणथरी एक एक्स्ट्रा आहे?"

"सव्वा आहे," बाई म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेआठला त्याला आत नेलं. जाताना नर्सला सांगत होता की हिरवा गाऊन नीट शिवलेला नाही, मागे उघडा राहतो. नर्स म्हणाली, तो तसाच असतो. "मग माझ्या बाबांना सांगा," हा म्हणाला. दार बंद झालं.

मला वाटलं होतं मी तिथे बसून बरंच काही लिहीन. काही सुचलं नाही. ही शेजारी बसून भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं मोजत होती. मी पडद्याची तुरपाई बघत होतो. वाईट होती. पावणेदहाला एक माणूस छोटी बाटली घेऊन घाईने बाहेर पडला आणि जिना उतरून गेला. हिने माझं मनगट पकडलं. आम्हाला दोघांनाही कळलं की तो तुकडा आहे. तो माणूस काय निरोप घेऊन येईल त्यावर सगळं होतं. एवढा वेळ मला कधीच कुठलाच जिना बघत बसावं लागलं नव्हतं. तो परत आला तेव्हा हातात कागद होता आणि तोंडाने तो शीळ घालत होता. शीळ घालणारा माणूस वाईट बातमी आणत नसेल, असं मी हिला म्हटलं. ती म्हणाली, त्याला काय, त्याचा मुलगा आत नाही.

साडेदहाला बाई आल्या. मास्क गळ्यात.

"पाणथरीच होती. सुटली अलगद. वृषण जागच्या जागी आहे, छान आहे, काही कापलं नाही."

जीव भांड्यात पडणं काय असतं ते आज कळलं. मी जमिनीवरच बसलो. बाई पण वाकून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "ती वही नसती, तर त्या मंगळवारी मी पूर्ण काढलं असतं. माझ्या हातून चूक नसती झाली, पण उगाच गेलं असतं." मला त्यांचे पाय धरायचे होते. त्या उठल्या, कारण त्यांना पुढचं ऑपरेशन होतं.

दुपारी ड्रेसिंग बदलताना मी टाके बघितले. जांघेत, दीड इंच. अंतर एकसारखं, ताण कुठे नाही, शेवटची गाठ आत दडवलेली. मला त्यात खोट काढता आली नाही. मी तसं सांगितलं तेव्हा शिकाऊ डॉक्टर हसला. सर्जनबाई हसल्या नाहीत. त्यांना आनंद झाला होता, दिसत होतं.

६ डिसेंबर, शनिवार

बॉबीन शाळेत जायला लागून आठवडा झाला. वर्गात सगळ्यांना सांगून झालं. मी त्याला बजावलं होतं की पोटाचं ऑपरेशन म्हण. त्याने फळ्यावर चित्र काढून दाखवलं म्हणे, बाण वगैरे करून. गल्लीत मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. काल दोन बायका ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि मापापेक्षा पाणथरीचीच चौकशी जास्त केली. मावशींनी काज करता करता माझ्या वतीने सगळी माहिती पुरवली.

डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली. आज मैदानात धावला, आठ जणांत सहावा. मी विचारलं, "दुखलं का रे?"

"अजिबात नाही," तो म्हणाला, आणि जरा विचार करून, "बाबा, मला वाटायचं त्या गाठीमुळे मी मागे पडतो. मी खरंच सावकाश पळतो."

"मग?"

"मग काही नाही. मजा येते."

९ डिसेंबर, मंगळवार

आज दुपारी बसवाला आला. बसवाला म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर, आडदांड माणूस, माझं जुनं गिऱ्हाईक. गणवेशाची छोटी पँट घेऊन आला होता, धाकट्याची. पँट काउंटरवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. दुकानात आणखी तिघं थांबले होते. हा त्यांचं काम आधी करा म्हणाला. बसवाला कधी कुणाला आधी जाऊ देत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मी टेप गळ्यातून काढला आणि त्याला आत, इस्त्रीच्या टेबलापाशी बोलावलं.

"सैल करायची?"

"हो. थोडी."

"कुठे?"

त्याने पँटवर अंगठा ठेवला. एका बाजूला.

"कधीपासून?"

"तुमचा मुलगा बसमध्ये सगळ्यांना सांगत होता," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता. "ते ऐकून आमचा घरी येऊन म्हणाला, पप्पा, माझं पण तसंच आहे. सात वर्षांचा आहे हो. आजवर एक शब्द बोलला नव्हता. बायकोला अजून सांगितलं नाही मी. म्हटलं आधी पँट…"

मी ती पँट घडी करून त्याच्या हातात परत दिली.

"ही मी शिवणार नाही," मी म्हणालो. "मुलगा कुठे आहे आत्ता?"

"बसमध्ये बसवलंय. बाहेर."

मी मावशींना दुकान बघायला सांगितलं. थांबलेल्या तिघांपैकी एक जण कुरकुरला, त्याला मावशींनी एका नजरेत बसवलं. बाहेर आलो तर अख्ख्या रिकाम्या बसमध्ये पहिल्या सीटवर ते पोर एकटं बसलं होतं, दप्तर मांडीवर घट्ट धरून. मी आत चढलो, त्याच्या शेजारी बसलो आणि त्यालाच विचारलं की कुठे दुखतं आणि कधीपासून. तो सांगायला लागला आणि बसवाल्याने बस हॉस्पिटलकडे काढली. सर्जनबाईंच्या दारापर्यंत पोचलो तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं, आणि त्याच्या बापाने एकदाही हॉर्न वाजवला नाही.